कुरोड्यांचं पातेलं आणि गाळाचा बंधारा

माय, सूनबाईने कुरोड्यांसाठी गहू भिजत घातलेत, त्याला आज तिसरा दिवस. स्वयंपाकघरात तो आंबूस वास सुटलाय आणि मी म्हातारा उगाच तिथे घुटमळतोय. तुझी आठवण या वासाला बांधलेली आहे, त्याला मी काय करू?

तेव्हा मी पूर्वेकडच्या मँगनीजच्या खाणीवर नवाकोरा ओव्हरसियर होतो. खनिज दळून धुतलं की उरणारा काळा गाळ अडवायला मी बंधारा बांधला. मुरूम चांगला, धुम्मस मारून घट्ट ठोकलेला, भिंत अशी की हत्ती चालवावा! अक्कल तेवढी गहाण. पाणी सोडायचा नळ मी तळाशी ठेवला आणि त्यातून पाण्याबरोबर सगळा गाळ नाल्यात. खालच्या गावची एक आजी लोटाभर काळं पाणी घेऊन आली, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "पेऊन दाखव." साहेबांनी सांगितलं, पावसाळ्याआधी पाणी निवळ निघालं नाही तर घरी जा. मी चार दिवसांची रजा काढून आधीच घरी आलो, अकोल्याकडच्या मालेगावजवळ आपल्या वाडीत, तोंड लपवायला.

तू कुरोड्यांच्या गडबडीत. गव्हाचा चीक रात्रभर पातेल्यात बसलेला, वर पिवळसर पाणी. तू वाटीने ते काढते आहेस, इतकं हळू की मला जांभई येते. "माय, काहून एवढा वेळ लावतेस? ओतून टाक ना."

"वरून वरून घ्या लागते, बाबू. बुडाले धक्का लागला का बसलेला चीक उठते. तुह्यासारखी घाई करून राह्यली असती, तर आजवर एक कुरोडी झाली नसती."

तू पाणी आणायला गेलीस आणि मला राहवेना. खरंच उठतो का, बघू म्हणून पातेलं जरासं कलतं केलं. चीक घळकन सरकला आणि निम्मा अंगणात. पण त्या क्षणी मला माझा नळ दिसला, तळाशी, चुकीच्या जागी! मी पातेल्यापाशी बसून एकटाच हसलो. तू परत आलीस तेव्हा मी कुंपणावरच्या मांजरीकडे बोट दाखवलं. "या मांजरीले कुरोड्या करायच्या होत्या का बाई?" म्हणत तू तिला पार गोठ्यापर्यंत पिटाळलंस. आठवडाभर तिचं दूध बंद होतं म्हणे.

परत जाऊन मी बंधाऱ्यामागच्या गाळाच्या तळ्यामध्ये विटांचा उभा हौद बांधला. त्याच्या एका अंगाला फळ्या, एकीवर एक. वरचं निवळलेलं पाणी फळीवरून हौदात पडतं आणि हौदाला जोडलेल्या, बंधाऱ्याखालच्या त्या नळाने बाहेर जातं. गाळ चढला की वर आणखी एक फळी. पहिल्या दिवशी नळातून स्वच्छ पाणी आलं तेव्हा मी बूट घालूनच नाल्यात उतरलो आणि नाचलो. त्या आजीने लोटा भरला, तोंड धुतलं आणि मला हसून शिव्या दिल्या. एवढा आनंद मला पुढे कुठल्याच बढतीने दिला नाही.

मग तुला बोलावलं. मालेगावहून मोटार, अकोल्याहून आगगाडी, मांडीवर कुरोड्यांचा डबा. बंधाऱ्यावर पदर खोचून उभी राहिलीस, फळीवरून पडणारं पाणी पाहिलंस. "वरून वरून घेऊन राह्यला तू! हे तुले कोनं शिकवलं रे?"

"पुस्तकात होतं."

"असन. पुस्तक लिवनाऱ्याच्या घरी कुरोड्या होत असतीन," म्हणालीस आणि पाण्याकडे बघत राहिलीस.

त्यानंतर असे बंधारे मी किती बांधले. हाताखालच्या प्रत्येक इंजिनियरला आधी कुरोड्या सांगितल्या, मग नकाशा दाखवला. सगळ्यांना सांगितलं, तुझं नाव अभिमानाने घेतलं. तुलाच तेवढं सांगितलं नाही, कारण मग पातेल्याचंही सांगावं लागलं असतं आणि तू होतीस तोवर ते धाडस काही झालं नाही.

आता हा तुला लिहिलेला कागद घडी करून कुरोड्यांच्या डब्याखाली ठेवतो. मांजर नव्हती, माय. मीच होतो.