मीठ सांभाळून

२६ फेब्रुवारी १९८४, डिचोली

आलो एकदाचा. कुडाळहून निघताना कंडक्टर माझ्या टी-स्क्वेअरचे, म्हणजे रेघा ओढायच्या लांब लाकडी पट्टीचे, अर्धे तिकीट मागत होता. पेडण्यापर्यंत आमचे भांडण चालले आणि म्हापशाला त्यानेच तो हलक्या हाताने टपावरून काढून दिला. माणसे बरी असतात, मीच उगाच नाके मुरडतो.

खोली सत्यवतीकाकींच्या घरी. साठीच्या विधवा बाई, मूलबाळ नाही. घरापुढे दगडी बाक आहे, त्याला इथे सोपो म्हणतात. माझ्या खोलीला मोठे जनेल, म्हणजे खिडकी, आणि त्याखाली लांब मेज. मेजावर टी-स्क्वेअर ठेवून पाहिला, बरोब्बर बसला. त्यापुढे खोलीचे गुणदोष मी पाहिलेच नाहीत.

उद्यापासून खाणीच्या सर्व्हे ऑफिसात ड्राफ्ट्समन. तीन महिने कच्चा, मग पक्का. तीन महिन्यांची आणखी एक अट आहे. मेहुणा गोपाळ म्हणाला, भावजींनी तेवढे दिवस सरळ नोकरी करून दाखवावी, मगच विमला आणि तारा डिचोलीला येतील. त्याचे चुकले असे म्हणवत नाही. गेल्या गणपतीत मी सात रात्री झोपलो नाही, विमलाच्या पाटल्या विकून अख्ख्या वाडीसाठी बँडबाजा आणला, आणि पुढची दिवाळी भिंतीकडे तोंड करून काढली. पाच वर्षांची तारा तेव्हापासून माझ्याजवळ यायच्या आधी आईकडे बघते. बेळगावचे डॉक्टर म्हणतात, ही मनाची भरती-ओहोटी आहे. लिथियमच्या गोळ्या दिवसातून तीनदा घेतल्या तर माणूस किनाऱ्यावर राहतो. चार महिने मी किनाऱ्यावर आहे. रोज दोन ओळी लिहायला त्यांनीच सांगितले. मी दोन ओळींवर थांबणारा नव्हे.

२८ फेब्रुवारी

काकींनी विचारले, गोळ्या कसल्या आणि पथ्य काय. गोळ्या झोपेच्या म्हणून सांगितले. पथ्य मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून वाचून दाखवले: मीठ सांभाळा, पाणी सांभाळा. निघताना दारात उभे राहून त्यांनी तेवढेच सांगितले होते आणि गर्दी होती म्हणून मीही जास्त विचारले नाही.

हे ऐकून काकी खालीच बसल्या. त्यांच्या यजमानांना, रामचंद्रबाबांना, रक्तदाब होता आणि त्यांच्या डॉक्टरचे शब्द अगदी हेच होते. रामचंद्रबाब ऐकायचे नाहीत, चोरून खारी मासळी भाजून खायचे. एका सकाळी सोप्यावर बसल्या बसल्या कलंडले. काकींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “पुता, ह्या घरांत आनीक कोणाक मीठ खावंक दिवचें ना हांव.”

इतके दिवस आईच्या वयाच्या कोणी माझी काळजी केली नव्हती.

९ मार्च

नोकरी झकास. साहेब महादेव नाईक, भिंगातून माझ्या रेघा तपासतात आणि काही बोलत नाहीत. इथे याला शाबासकी म्हणतात.

जेवण अळणी. आमच्या मालवणी जिभेला ही शिक्षाच, पण काकी स्वतःही माझ्याबरोबर तेच खातात, घरातली मिठाची बरणीसुद्धा धुऊन उपडी घातली आहे. मग तक्रार कुठल्या तोंडाने करणार? पाणीही सांभाळतो. खाणीमुळे विहिरीला तांबूस झाक आहे, म्हणून काकी उकळून गाळून दोन तांबे देतात. त्याच्यावर एक पेला मागितला तर डॉक्टरांचे नाव घेतात. उन्हात घाम इतका की ट्रेसिंगखाली टॉवेल घालावा लागतो.

विमलाने काकींना पत्र पाठवले. ते शेजारच्या पद्मावतीबाईंनी वाचून दाखवले. त्यात एकच मागणे होते, काहीही झाले तरी यांची गोळी चुकू देऊ नका. काकींनी देवापुढे तसा शब्द दिला. आता सकाळ, दुपार, संध्याकाळ त्या गोळी आणि पाण्याचा घोट घेऊन उभ्या राहतात. दुपारची गोळी डब्यात पुडी बांधून असते.

१९ मार्च

शिगम्याचे ढोल काल रात्री उशिरापर्यंत. दोनच्या सुमारास डोके दुखू लागले. मानेच्या मुळापासून वर येऊन डाव्या डोळ्यामागे थांबले. ढोल थांबले, ते नाही थांबले. पाय एका जागी राहीनात, म्हणून खोलीत येरझाऱ्या घातल्या. पहाटे पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला तेव्हा निवळले.

ढोलांचाच परिणाम असणार.

२७ मार्च

ढोल कधीच संपले. डोके रोज दुखते. रोज दोन वाजता, जणू कोणी वेळ लावून दिली आहे. औषधवाल्याकडून डोकेदुखीच्या गोळ्या आणल्या, रात्री दोन-दोन घेतो.

खरी भीती दुसरीच आहे. गणपतीतही आधी झोप गेली होती. तेव्हाही पाय थांबत नव्हते. तो परत येतोय का? तो म्हणजे मीच, पण पाटल्या विकणारा मी. साहेबांना सांगायचे नाही. विमलाला तर मुळीच नाही. तीन महिन्यांतला एक गेलाय, दोन राहिलेत, आणि तारा पत्राखाली स्वतःच्या हाताने “बाबा” लिहायला शिकली आहे.

२ एप्रिल

पेन थरथरले. खाणीच्या छेदाच्या नकाशावर शाईचा थेंब पडला. ब्लेडने खरवडून काढला, साहेबांना दिसला नाही. की दिसला आणि बोलले नाहीत?

डॉक्टरांना पत्र टाकले: डोकेदुखी आहे, हात कापतात, पथ्य कडक पाळतो, मीठ तर महिन्यावर झाले पूर्ण बंद केले आहे, पाणीही अगदी बेताचे घेतो. त्यांनी शाबासकी द्यावी असे मनात होते हे कबूल करतो.

काकींना डोकेदुखी सांगितली. त्यांनी बराच विचार करून कारण शोधले. पदेराच्या उंड्यात, त्या गोल पावात, मीठ असते. उद्यापासून उंडेही बंद.

९ एप्रिल

आज पद्मावतीबाई आल्या होत्या. आठ दिवसांनी त्या लेकीकडे मुरगावला जाणार, दीड महिना राहणार, म्हणून निरोप घ्यायला. काकींनी आग्रहाने पानावर बसवले. पहिला घास तोंडात घातला आणि त्या चावायच्या थांबल्या. माझ्याकडे पाहिले, मग काकींकडे.

“सत्यवती, कोणाचें सुतक पाळटा गो तूं?”

काकी हसल्या, पथ्याचे सांगितले. मला हसता आले नाही. सुतकात दहा दिवस अळणी खातात. आमच्या घरात एक्केचाळीस दिवस झाले. आणि मेलेले कोण, ते पानावरच बसलेले, दुसरा भात मागत.

रात्रभर तेच डोक्यात.

१४ एप्रिल

आज ही वही उघडली तर कालच्या पानावर दोन शब्द होते. मी लिहिलेले नाहीत. मोठी, वाकडीतिकडी अक्षरे, रेघेवरून घसरलेली. “तहान लागली.”

माझे अक्षर असे नाही. माझे अक्षर छापल्यासारखे आहे, सगळे म्हणतात. खोलीला आतून कडी होती. काकींना विचारले, त्या म्हणाल्या वहीला हातसुद्धा लावला नाही.

मग खाली स्वतः तेच दोन शब्द लिहून पाहिले. ताळा करायला. दोन्ही सारखेच आले.

१७ एप्रिल

साहेबांनी नकाशा माझ्यापुढे ठेवला. एक सरळ रेघ तीन ठिकाणी वाकली आहे. शांतपणे म्हणाले, काही दिवस रजा घ्या. वास येतो का बघायला जवळ वाकले होते. मी पितो असे त्यांना वाटते. जीभ जड आहे, बोललेले मलाच नीट ऐकू येत नाही. बसस्टँडवर दोन माणसे हसली.

पद्मावतीबाई आज गेल्या.

गोळी मात्र एकही चुकलेली नाही. एकही नाही. मग हा आजार कुठून शिरतोय?

१९ एप्रिल

दोन काकी आल्या. दोघींच्या हातात ताट. मी एकीचे घ्यायला गेलो आणि हात हवेत राहिला. एक डोळा झाकला तेव्हा एकच उरली. खरी कुठली होती ते —

डोके आता दोनची वाट पाहत नाही. संध्याकाळपासूनच.

२१ एप्रिल

उलट्या. पेज पोटात ठरत नाही. काकी उशाशी बसून असतात, रडतात, देवाला नवस बोलतात. वैद्याला बोलवू म्हणतात. मी हाताने नको म्हटले. वैद्य येईल, वेड दिसेल, ऑफिसात कळेल, गोपाळला कळेल. विमला अठ्ठावीसला येते आहे, चार दिवस, नुसती बघायला. तोवर उभे राहायला हवे. तिच्यापुढे एकदा सरळ उभा राहिलो की झाले.

पायात कोणीतरी आहे. आपोआप उडतात.

२४ एप्रिल

बेळगावचे पत्र आले. डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून उशीर. काकींनी पाकीट उलटसुलट पाहिले. त्यांना आपली अक्षरे येत नाहीत, वडिलांनी पोर्तुगीज शाळेत घातले होते. दोन वर्षे. मला बरे वाटावे म्हणून त्यांनी शाळेतले शब्द म्हणून दाखवले, पांव, साल, आग्वा. पाव, मीठ, पाणी. मुलीसारख्या लाजल्या.

एक डोळा झाकून वाचले. ओळी हलतात. तासभर लागला.

— “मीठ सांभाळा म्हणजे कमी करा असे नव्हे. रोज जेवढे खाता तेवढेच खात राहा, असे. मीठ सोडले तर ही गोळी अंगात साठते आणि विष होते. पाणी भरपूर. डोकेदुखीच्या गोळ्याही नकोत. पत्र मिळताच लिथियम बंद करा आणि ताबडतोब —”

तो परत आलेला नाही. मला वेड लागलेले नाही. मी शहाणा आहे. विमला, मी पूर्ण शहाणा आहे. मला फक्त

२५ एप्रिल

काकींना सांगतो आहे. म् म् एवढेच निघते. त्या तोंड पुसतात.

गोळीला दात घट्ट मिटले. त्यांनी विमलाच्या पत्राला हात जोडले, मग गोळी कुटून पेजेत घातली. कुलेरीने भरवतात. थुंकलो. निम्मी गेली.

कागदावर मीठ लिहिले. मोठे. त्यांनी कपाळाला लावले. देवापुढे ठेवले. मंत्र वाटला त्यांना.

उठता येत नाही. पोस्टमन — पत्र असेल तरच येतो.

२६?

कालची सगळी गेली पोटात. थुंकायलाही जोर

तीन दिवस की दोन. विमला

तिची अक्षरे. तिला येतात ती अक्षरे. मला का नाही सुचले

साल. इंग्रजी तीच अक्षरे. एस ए एल. तीनच

इथेच काढतो. मोठी

S

काकी वाकून बघते. दोन्ही काकी

A

ओठ हलतात तिचे. ओळखते. देवा ओळखते आहे

एल सोपे. उभी रेघ, खाली आडवी. नुसत्या रेघा. रेघाच तर

I

उभी झाली. आता खाली आड

हसली. “साय? दुदाची साय जाय तुका?” किती दिवसांनी मागितलंस म्हणते. डोळे पुसते. “आतां हाडटां, पुता. गोळी तातूंतच घालतां.”

नाही काकी राहिली आडवी रेघ राहिली खाली आड