गुंटरची कडी

मंगळवार, दि. ९

अहो,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. भाऊजी आणि जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. तुमची उसाभर करून दोघं जेरीस आले असतील.

आपल्या होड्यांच्या कारखान्याचा पत्रा गळत होता, तो बदलून घेतला. मी शिडं शिवते आहे. सुई बोटात घुसते तेव्हा रक्त दिसतं, मग कळतं. शेजारणी मला रडवायला येतात आणि हात हलवत परत जातात.

बंदराचे मास्तर आले होते. होडी हवी आहे, पण गुंटरचं शीड नको म्हणाले, आणि टोपी चाचपत उठायला लागले. मीच म्हटलं, "बसा हो, चहा टाकते."

आपली ठकी असती तर तिने त्यांना सोडलं नसतं. गुंटर हा म्हणे कुणी जुना गणितज्ञ. त्याच्या पट्टीवर मापं सरकवायचे, तशी ही शिडाची वरची काठी लोखंडी कडीच्या आधाराने आखूड डोलकाठीवरून सरकत वर जाते आणि डोलकाठीच उंच होते. पूल आला की काठी खाली, पूल गेला की वर. हे सांगताना ती तुमच्यासारखीच नाक ओढायची. एकोणीस वर्षांची घोडी, पण नकला काही सुटल्या नाहीत.

तिला स्मशानात पोचवून आलात आणि दुसऱ्याच दिवशी निघून गेलात. तेव्हापासून प्रत्येक पत्रात एकच विचारता, तिची होडी सापडली का, वरच्या काठीची कडी कशी आहे. मी दर वेळी भाऊजींच्या गुडघेदुखीवर घसरते.

होडी गेल्या आठवड्यात सापडली. धक्क्यावर पालथी ठेवली आहे. कडी जोडावरच उघडली आहे. लोहार म्हणाला, "वहिनी, गंजली होती म्हणून सांगा. काय बिघडतं?" भला माणूस. पण मी पाहिली. गंज नाही. तुमचा जोडच नीट बसला नव्हता. वाऱ्यात काठी सुटली आणि तिच्या डोक्यात बसली. डॉक्टर म्हणाले, पाण्यात पडण्याआधीच ती गेली होती.

गंजच लिहायला बसले होते. पण मग जन्मभर तुम्हाला वाढताना मला ते खोटं सांभाळावं लागलं असतं. तेवढं त्राण नाही.

माझा राग विचाराल तर अजून आलेला नाही. येईल, चांगला सणसणीत येईल. तेव्हा तुम्ही तिकडे माडीवर तोंड लपवून बसलेले असाल तर मी काय तो टपालाने पाठवू?

मास्तरांना अजून नाही म्हटलेलं नाही. भट्टी मला पेटवता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही.

कडी तुमच्याच हातची होती. घरी या.

तुमची,
ठकीची आई