ताईंचा आवाज अकार्यक्षम ठरविणारा आदेश रद्द होण्याबाबत

प्रति,
मा. कर्मचारी कल्याण अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग, मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : पाणी-तपासणी प्रयोगशाळेतील ज्येष्ठ साहाय्यिका (अर्जदाराच्या थोरल्या भगिनी) यांना कर्मचारी गायकवृंदातून वगळल्याचा आदेश रद्द होण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा फाटकाजवळील सूचनाफलकावर लावलेला आदेश, जो माझ्याच शिफारशीवरून निघाला.

महोदय,

१. मी बिल शाखेत वरिष्ठ लिपिक असून विभागाच्या गायकवृंदाला पियानोची साथ करतो व त्यांचा सराव घेतो. आजवर माझे आपल्याकडे आलेले अर्ज पंखा, खुर्च्या आणि सभागृहाची किल्ली एवढ्यापुरते होते. आज मात्र मान खाली घालून लिहीत आहे. मजकूर लांबला तर तो कृपया शेवटपर्यंत वाचावा, कारण कमी शब्दांत लिहिले तर मी पुन्हा सुटून जाईन.

२. सदर आदेशात 'वयोमानानुसार आवाज अकार्यक्षम झाल्याने' असे शब्द आहेत. ते आपल्या कार्यालयाने माझ्या शिफारशीवरून घेतले. माझे मूळ वाक्य 'वरच्या सुरांना आवाज पुरत नाही' असे होते, पण अर्थ तोच होता. ज्यांच्याविषयी मी हे लिहिले त्या ताई गायकवृंदाच्या पहिल्या दिवसापासून मधल्या ओळीत उभ्या राहत आल्या आणि एकटीने गायच्या ओळी त्याच गात आल्या. लहानपणी मी गाताना सूर सोडला की त्या काही न बोलता माझ्या पाठीवर बोट टेकवत असत. माझ्या कानाला जे काही वळण आहे ते त्यांनी लावलेले आहे.

३. आता पियानोविषयी. आपणास स्मरत असेल, मी या वर्षाच्या सुरुवातीस 'डिजिटल पियानो पूर्णपणे निकामी झाला असून तो निर्लेखित करून नवीन मिळावा' असा सविस्तर अर्ज केला होता. त्याला अनुसरून आपण दुरुस्तीवाल्यास पाठवले. त्या दिवशी सराव असल्याने गायकवृंद हजर होता. दुरुस्तीवाल्याने पियानो उघडलासुद्धा नाही. पट्ट्यांच्या खालच्या बाजूस हेडफोन लावण्याचे भोक असते, त्यात कुणाच्या तरी हेडफोनची जोडपिन अडकून राहिली होती. पिन आत असली की पियानोला वाटते कोणी कानाला लावून ऐकत आहे, आणि तो बाहेरचा आवाज बंद ठेवतो. दुरुस्तीवाल्याने ती पिन दोन बोटांनी ओढून काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या साहेब, ऑपरेशन यशस्वी!" पंपचालक हसता हसता खालीच बसले. तेव्हापासून बिल शाखेत मला 'पिनसाहेब' म्हणतात, आणि मी ते ऐकले नाही असे दाखवतो.

४. झाले ते हसण्यावारी न्यायला हवे होते. तेवढे मोठे मन माझ्यापाशी नव्हते. मी दुरुस्तीवाल्याला तिथेच सांगितले की पियानो बंद केला तरी त्यातील सेटिंग जशीच्या तशी राहील अशी व्यवस्था करा. एरवी हा पियानो बंद करून पुन्हा चालू केला की आपोआप मूळ सुरावर येतो. पुन्हा काही बदलून पुन्हा शोभा होऊ नये म्हणून मी ती वाट बंद करून घेतली. शिवाय मनाशी पक्के केले की यापुढे पियानोचे काहीही झाले तरी कोणाला विचारायचे नाही.

५. यानंतर जे जे बिघडले ते मी एकट्याने निस्तरले. सभागृह पंपघरावर असल्याने तिथे कायम ओल असते. त्यामुळे एक पट्टी खाली गेली की वरच येईना. तिच्या फटीत जाड कागद फिरवून ती मोकळी केली. एके दिवशी पायाचा पेडल उलटा चालू लागला, म्हणजे पाय दाबला की सूर तुटे आणि पाय उचलला की लांबे. मी आठवडाभर पाय उलटा चालवून वाजवले. पुढे समजले की पियानो चालू करताना पाय पेडलवर ठेवला तर असे होते, पाय काढून पुन्हा चालू केला की संपले. या शोधाचा मला अभिमान वाटला, हे लिहितानाही लाज वाटते. नंतर एकदा सरावाआधी ठेका मोजणारे यंत्र आपोआप टक टक करू लागले. ते कसे थांबवावे हे मला माहीत नव्हते. दुरुस्तीवाल्याला एक फोन केला असता तर काम झाले असते. त्याऐवजी मी एक बटण दाबून धरून हाताला येतील त्या पट्ट्या दाबत सुटलो. टकटक थांबली. मी घाम पुसला आणि सराव सुरू केला.

६. महोदय, त्या गडबडीत मी पियानोचा सूर वर चढवून ठेवला होता. याला ट्रान्सपोज म्हणतात. यात आपण नेहमीच्याच पट्ट्या दाबतो, पण सगळे गाणे वरच्या सुरात वाजते. माझी बोटे ओळखीच्या जागी होती, म्हणून मला वाटले सगळे ठीक आहे. त्या दिवसापासून गायकवृंद माझ्यामागे टाचा उंचावून धावत होता. मीटरवाचक घसा शेकायला गरम पाणी पिऊ लागले. टंकलेखिका शेवटच्या ओळीला नुसते ओठ हलवू लागल्या. तरुण मंडळींनी निभावून नेले. ताईंच्या एकटीच्या ओळी सर्वांत उंच, त्यांचा आवाज तिथे फाटू लागला.

७. इथे मला सर्वांत वाईट गोष्ट नमूद करायची आहे. ताईंनी मला सांगितले होते. सराव संपल्यावर खुर्च्या लावता लावता त्या म्हणाल्या, "अरे, पट्टी वर वाटते का रे जरा?" मी म्हणालो, "नाही ताई, पट्टी तीच आहे." पुढच्या खेपेस त्यांनी पुन्हा विचारले आणि मी तेच उत्तर दिले, थोडे मोठ्याने. त्या क्षणी मलाही आतून काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. तपासायचे म्हटले तर कोणाला तरी विचारावे लागले असते, आणि सगळ्यांसमोर आणखी एक पिन निघाली असती. बहिणीचा गळा म्हातारा झाला असे मानणे मला त्यापेक्षा सोपे गेले.

८. नंतर उपअभियंता साहेब सराव ऐकायला आले. नवीन जलशुद्धीकरण केंद्राच्या उद्घाटनास हा गायकवृंद गाणार असल्याने ते स्वाभाविक होते. त्यांच्यासमोर ताईंचा आवाज ऐन उंच सुरावर फाटला आणि सभागृहात कोणी कोणाकडे पाहीना. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारले, "काय करायचं?" मी क्षणभरही न थांबता म्हणालो की लेखी शिफारस देतो. आप्त म्हणून पक्षपात केला असे कोणी म्हणू नये, असाही एक थोर विचार त्या वेळी माझ्या डोक्यात होता.

९. आदेश फलकावर लागला त्या सकाळी कामावर येणाऱ्यांची फाटकापाशी गर्दी होती. ताई गर्दीत उभ्या राहून तो वाचत होत्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मी मागे होतो. त्या वळल्या, मला पाहिले आणि म्हणाल्या, "बरं केलंस. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा तू सांगितलंस ते बरं." मग प्रयोगशाळेकडे निघून गेल्या. पुढच्या सरावाला त्या नेहमीप्रमाणे आधी येऊन खुर्च्या लावून गेल्या. गाणे सुरू होण्यापूर्वी दार ओढून घेतले. दाराचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

१०. यानंतर उद्घाटनासाठी झडपा सांभाळणाऱ्या कामगारांपैकी एकजण बासरी घेऊन आमच्यात आले. पहिल्याच सरावात बासरी आणि पियानो जुळेनात. मी त्यांना सर्वांदेखत सांगितले की आपली बासरी खोटी आहे, दुसरी आणा. ते तापट गृहस्थ आहेत. पुढच्या वेळी ते घरातल्या सगळ्या बासऱ्या कापडात गुंडाळून घेऊन आले, एकेक वाजवत गेले आणि शेवटी म्हणाले, "या सगळ्या खोट्या आणि तुमचं खोकं तेवढं खरं? बघा तरी एकदा!" मी पाहिले. टकटकीच्या दिवशी धरलेले बटण पुन्हा दाबून धरल्यावर छोट्या पडद्यावर ट्रान्सपोज हा शब्द आणि त्यापुढे अधिक चिन्हासह एक आकडा आला. मी तो शून्यावर आणला. बासरीवाल्याने सूर धरला, मी पट्टी दाबली, आणि दोन्ही एक झाले. गायकवृंदाने ते गाणे कितीतरी दिवसांनी मोकळ्या गळ्याने म्हटले. मीटरवाचक म्हणाले, "अहो, हे किती सोपं आहे!" कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

११. मी तसाच उठून प्रयोगशाळेत गेलो. ताई नमुन्याची बाटली उजेडाकडे धरून गढूळपणा पाहत होत्या. मी सगळे सांगितले. त्यांनी बाटली नीट जागेवर ठेवली आणि विचारले, "म्हणजे माझा गळा ठीक आहे?" मी म्हणालो, "ठीक आहे, ताई." त्या स्टुलावर बसल्या. पदराने डोळे टिपले. मला वाटले, सुटलो. मग त्या म्हणाल्या, "यंत्राचं काय, कुणाकडूनही चुकतं. मी तुला विचारलं होतं रे. तू नाही म्हणालास, तर मी माझ्या गळ्यावरचा विश्वास काढून घेतला. तुझ्यावरचा नाही काढला." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफीचं नंतर बघू. फलकावर लागलंय ते आधी उतरव."

१२. म्हणून हा अर्ज. सदर आदेश रद्द करण्यात यावा. ताईंच्या सेवापुस्तकात त्याची नोंद झाली असल्यास तीही काढण्यात यावी, कारण त्या लवकरच निवृत्त होत आहेत आणि निवृत्त होताना 'अकार्यक्षम' हा शब्द त्यांच्या नावापुढे असू नये. नवीन आदेश त्याच फलकावर, फाटकापाशी, सकाळी कामावर येण्याच्या वेळेस लावण्यात यावा.

१३. याबाबत चौकशी केली असता आपल्या कार्यालयातील लिपिक बंधूंनी आपुलकीने सुचवले की आदेशात 'वाद्यातील तांत्रिक बिघाडामुळे' असे कारण घालू, म्हणजे कोणाचेच नाव येणार नाही. त्यांचा मी आभारी आहे, परंतु कृपया तसे करू नये. वाद्यात बिघाड नव्हता. त्याला जे सांगितले तेच त्याने वाजवले. कारणाच्या जागी 'साथीदाराने विचारूनही तपासले नाही' असे लिहावे आणि साथीदार म्हणून माझे पद नमूद करावे. ते वाचून पंपचालक पुन्हा खाली बसले तरी माझी हरकत नाही.

१४. ताई उद्घाटनास गातील किंवा नाही हे मला माहीत नाही. त्यांचे संमतिपत्र जोडू शकलो नाही. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तू विचारू नकोस. कार्यालयाने बोलावलं तर विचार करीन." तरी बोलावणे आपल्या सहीने जावे. माझ्या हाती देऊ नये, शिपायामार्फत पाठवावे.

१५. काल दुपारी बिलांच्या कामासाठी प्रयोगशाळेवरून जात होतो. आत ताई बाटल्या धूत होत्या आणि त्यांच्या एकटीच्या ओळी गात होत्या, अगदी वरच्या सुरापर्यंत, न फाटता. मी दारात थांबलो. त्यांनी मला पाहिले आणि गाणे थांबवले. मी पुढे गेलो. जिन्यापर्यंत पोहोचेतो त्यांनी पुन्हा सुरू केले नव्हते. याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत, शरमिंदा,

(सही)
वरिष्ठ लिपिक, बिल शाखा,
तथा साथीदार, कर्मचारी गायकवृंद

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : १. सूचनाफलकावरील आदेशाची प्रत.
२. माझी मूळ शिफारस, जी मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे.