न गेलेल्यांची यादी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज अकरा जणांना शहरात पोचवलं, आणि मी जागची हलले नाही! एक फोन, एक वही, एक पेन्सिल. दुधाच्या गाडीत शिंपीण – तिचं रक्त मशीनवर धुवावं लागतं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. जनावरांच्या डॉक्टरांच्या जीपमध्ये पोस्टातल्या बाई आणि त्यांचे सासरे. मास्तरांच्या गाडीत चौघं, मांडीवर धरून पाचवं. उरलेले तिघे वायरमनच्या टेम्पोत. त्याला सगळे फ्यूज म्हणतात.

जाऊबाई म्हणाल्या, "स्वतःची सायकल नाही, आणि म्हणे स्टेशनमास्तर!"

म्हणू देत. बस बंद होऊन तीन वर्षं झाली. हे हृदयाच्या दुखण्यानं गेले, त्याला दोन. ते गेल्यावर महिन्याभरात ही वही सुरू केली. रिकाम्या घरात फोन वाजलेला बरा वाटायचा. आता दिवसाला वीस फोन येतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

बसच्या कचेरीतले साहेब आले होते. बस पुन्हा सुरू करायची की नाही, ते बघायला. मी वही पुढे केली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची वही! पानं उलटत गेले, खूश होत गेले.

"कमाल आहे मावशी! ही शिंपीण बघा – दोनशेच्या वर फेऱ्या, एक खाडा नाही!"

पानांचे फोटो काढून नेले. दिवसभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

२४ फेब्रुवारी

पत्र आलं. तीनदा वाचलं. "गावाने पर्यायी व्यवस्था उत्तम केली असल्याने बससेवेची निकड सिद्ध होत नाही." सतरा मार्चच्या बैठकीत प्रकरण कायमचं बंद करणार.

निकड हा शब्द शब्दकोशात पाहिला. तातडीची गरज – रोज वहीत लिहिते तीच गोष्ट निघाली.

माझ्याच वहीनं बस घालवली. कौतुक करून घ्यायची हौस, दुसरं काय! सगळ्यांच्या पायावर धोंडा मारला, तोही सुवाच्य अक्षरात.

२५ फेब्रुवारी

फोन घेतले. कुणाशी धड बोलले नाही.

२७ फेब्रुवारी

सुतारकाकू चाळणी मागायला आल्या. बाहेर थांबलेल्या काकांना हाक मारली तर काकूच ओरडून सांगायला लागल्या – कानातलं यंत्र आठ महिने बिघडून पडलंय.

"मग मला फोन का नाही केलात?"

"अगं, किती वेळा लोकांना म्हणायचं, जरा सरकता का? शेवटी दुसऱ्याची गाडी. आणि आमचं काही अडलेलं नाही."

अडलेलं नाही! नवऱ्याला आठ महिने ऐकू येत नाही आणि अडलेलं नाही!

काकू चाळणी न्यायलाच विसरल्या. माझ्या वहीत कोण आहेत? ज्यांनी मागितलं ते. ज्यांनी तोंड उघडलं नाही, ते कुठे लिहिलेत?

२ मार्च, रविवार

दारोदार फिरले. पहिल्या सात घरी विचारलं, "काही अडलंय का?" – सात घरी एकच उत्तर, "छे, छे!" मग प्रश्न बदलला. "कुठे जायचं राहिलं?"

काय सांगू, धरणच फुटलं! मास्तरांच्या शेजारची मुलगी नर्सिंगला लागली होती, रोजची गाडी मिळेना म्हणून सोडलं. एका आजींचा मोतीबिंदू पिकून गेला. दोघी बहिणी – मध्ये बेचाळीस किलोमीटर – दोन वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. आणि फ्यूजची आई! मुलाचा टेम्पो गावाला नेतो, तिला म्हणतो, "आई, आज जागा नाही गं."

फ्यूजला झापलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच तर जागा भरता!"

बरोबर बोलला मेला.

१६ मार्च

न गेलेले साठ झाले. स्वच्छ अक्षरात उतरवले. जाऊबाईंनी शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या. त्यातल्या दोन खऱ्याच होत्या. उद्या माझ्याबरोबर येते म्हणाल्या. "तुला घाम फुटला तर पुसायला कुणीतरी हवं ना!"

१७ मार्च, सोमवार

वाचलं! उभं राहून, सगळ्या साहेबांपुढे. नवव्या नावापर्यंत कागदातून मान वर काढली नाही. मग काढली.

तेच साहेब म्हणाले, "पण मावशी, ह्या फेऱ्यांची नोंद कुठेच नाही."

"झाल्याच नाहीत, साहेब. म्हणून तर वाचतेय."

बैठकीच्या अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "पुढे वाचा." साठही वाचायला लावले.

बस मिळाली – मंगळवार आणि शुक्रवार. जाऊन-येऊन दोन फेऱ्या. तीन महिने चालवून बघणार. माणसं चढली तर कायम.

बाहेर आल्यावर जाऊबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्याकडच्या आहेत ह्या!" विचारलं कुणीच नव्हतं.

१ एप्रिल, मंगळवार

बस आली. दहा मिनिटं उशिरा – येऊ दे! तेवीस जण चढले. कंडक्टरला म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या पुढच्या दोन जागा पुरेनात, इतक्या म्हाताऱ्या. सुतारकाका खिडकीशी. शिंपीण पाय पसरून बसली, राणीसारखी. फोन दिवसभर वाजला नाही आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

२ एप्रिल

सकाळी शिंपीण आली. दारातच उभी.

"वहिनी, तुमच्या यादीत एक राहिलंय. तेव्हा धीर झाला नाही."

बस बंद झाली तेव्हा दुधाच्या गाडीत एकच जागा असायची. हृदयाच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं म्हणून ह्यांनी ती धरलेली. तीन मंगळवार तिला दिली. स्वतः दिवसभर तिच्या दुकानात बसले, गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून. बटणं लावली, काजं केली. गाडी परतली की घरी यायचे आणि मला सांगायचे, "डॉक्टर म्हणाले, ठणठणीत!"

राग आला. फार आला. शिंपीण रडत म्हणाली, "काजं इतकी वाकडी करायचे, वहिनी! सगळी उसवून पुन्हा करावी लागायची." मला हसू फुटलं, मग तिलाही.

ती गेल्यावर यादी काढली.

६१. आमचे हे. तीन मंगळवार. जागा दिली.