गाडी धाकटीला, चोकसकट

मी, निवृत्त परिचारिका, वय वर्षे एक्क्याऐंशी, आपल्या घरी आपल्याच टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दडपण कोणाचेही नाही. उभ्या आयुष्यात कोणाचे मानले नाही, तर आता काय मानणार? याआधी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम १. राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे निम्मे. खालच्या खोल्या धाकटीच्या, कारण तिचे गुडघे माझ्यावर गेले आहेत. जिन्यावरून भांडू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक दोघांना सारखी. माझी तपासणीची बॅग आणि बाळांचा वजनकाटा नातीला. ती परिचारिका होणार म्हणते. नाही झाली तरी द्यावे.

कलम ३. गाडी धाकटीला. ही आमच्या यांनी हौसेने घेतली आणि जन्मभर शेजारच्या सीटवर बसून मला सूचना केल्या. बाळंतपणाचे बोलावणे आले की पहाटे मीच ती काढत असे. हिला चोक आहे. हल्लीच्या मंडळींसाठी सांगते: डॅशबोर्डखालची काळी मूठ ओढली की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळते, म्हणून ते थंडीतही उठते. उठले की मूठ आत ढकलायची. नाही ढकललीत तर पेट्रोल तुंबते, प्लग भिजतात आणि गाडी ढिम्म हलत नाही.

अट एकच, धाकटीने ती स्वतः चालवावी. चालवणार नसेल तर विकून टाकावी. शोभेला अंगणात गंजत ठेवू नये.

अट का घातली तेही लिहिते, नाहीतर माझ्यामागे जो तो आपल्या सोयीचे सांगेल. धाकटी नुकती शिकली होती तेव्हाची गोष्ट. ती चालवत होती, थोरला शेजारी, मी मागे. थोरल्याने आपली ऑफिसची पिशवी चोकच्या मुठीला अडकवली, जणू ती खुंटीच. पिशवीच्या वजनाने मूठ बाहेर आली आणि भर चौकात काळा धूर सोडून गाडी बंद पडली. "उतर, तुझ्यानं नाही व्हायचं," असे तो सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला. मग स्वतः बसून त्याने अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल असे दणादण दाबले की होते नव्हते ते पेट्रोलही आत गेले. मी तिथेच म्हटले, "अरे, आधी तुझी पिशवी काढ." त्याने ती काढली, पण घरात चार माणसे जमली की आजही सांगतो, धाकटीने इंजिन बुडवले. चोराच्या उलट्या बोंबा. त्या दिवसापासून तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मला याचे फार वाईट वाटते. माझी मुलगी भित्री नव्हती.

पेट्रोल तुंबलेच तर चोक पूर्ण आत ढकलावा, थोडे थांबावे, मग पेडल तळापर्यंत दाबून तसेच धरावे आणि स्टार्टर द्यावा. पेडल पुन्हा पुन्हा मारू नये. कोणी काच ठोठावून सल्ला देऊ लागला तर तिकडे बघू नये.

कलम ४. थोरल्याला वरील हिश्शाशिवाय एक पितळी हूक. विकत आणून कपाटात ठेवला आहे. पोरगा वाईट नाही, उतावळा आहे, आणि माझा फार लाडका आहे.

कलम ५. इथवर लिहून झाले आणि साक्षीदारांची वेळ आली. समोरचे शिंपी येऊन बसलेच होते. डॉक्टरांना थोरला आणणार होता, त्याचा फोन आला, "आई, कामात अडकलोय, उद्या बघू." धाकटी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "मी आणते," म्हणाली आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

स्टार्टर कण्हला, परत कण्हला. खिडकीतून पेट्रोलचा वास आत आला. शिंपी उठले. "सिस्टर, धक्का मारू का?"

"बसा खाली," मी म्हटले.

मग अंगणात सगळे शांत. शिंपी माझ्याकडे बघत होते आणि मी या कागदाकडे. बऱ्याच वेळाने स्टार्टर फिरला, फिरतच राहिला, आणि इंजिन खोकत खोकत उठले. गाडी फाटकाबाहेर गेली.

डॉक्टर आले. नाडी पाहून म्हणाले, "जरा जलद आहे." धाकटीला म्हटले, "किल्ली ठेव खिळ्याला."

"आत्ता नाही, आई. डॉक्टरांना सोडायचंय. मग पेट्रोल भरून येते."

सबब कलम ३ रद्द. गाडी आजपासून तिची झाली आहे, आणि जे माझे राहिलेच नाही ते मी मृत्युपत्राने देऊ शकत नाही. वरची आडवी रेघ मीच मारली आहे व शेजारी सही केली आहे.

ठिकाण: राहते घर
दिनांक: ८ डिसेंबर २०१७

लिहून देणार: (सही)

आमच्यासमक्ष, वाचून, समजून सही केली:
साक्षीदार १: समोरचे शिंपी (सही)
साक्षीदार २: डॉक्टर (सही, घाईत, बाहेर हॉर्न वाजत असल्यामुळे)