दोन काळे दोरे

॥ श्री ॥

ताडकळस,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

चि. सौ. वच्छलास थोरल्या जावेचा आशीर्वाद.

घरी सगळे बरे हायत. गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या नवऱ्याला खोकला लागलाय, पण ते सांगायला मी बसले न्हाई. संक्रांतीचा तिळगूळ पाठवत न्हाई, कारण मला आज गोड बोलायचं न्हाई. तू फोन उचलत न्हाईस. गल्लीतला मुंजाजी मानवतला कापूस घालायला चाललाय, त्याच्या हाती चिठ्ठी देते. चौथीचं अक्षर हाय, नीट वाच.

एकच विचारते. माझ्या गाठीचे दोरे कुणी तोडले?

माहीत न्हाई म्हणू नको. आधी ऐक.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, "सरजाबाई, छाती काढायची न्हाई. गाठ अन् तिच्या भवतालची चांगली कड तेवढी काढू. तुमी टेबलावर असतानाच कड तपासून आणू. कडेला आजार न्हाई असं कळलं की टाके घालू." तपासणारा पलीकडच्या गल्लीत. काढलेल्या गाठीचा डबा नेणार पेशंटचं माणूस. आमचे मालक रगत बघून बाकड्यावर आडवे झाले, म्हणून डबा तू नेलास.

मी बेशुद्ध. तिकडून फोन आला, एका कडेला आजार भिडलाय, पण कोणती कड ते कळायला मासाला दोरेच न्हाईत. डॉक्टरनं अंदाजानं एका बाजूचं आणखी काढलं अन् शिवलं. दहा दिवसांनी कागद आला. त्या जादा तुकड्यात आजारच न्हाई. म्हंजे अंदाज चुकला, आजार दुसऱ्या कडेला तसाच हाय. आता मंगळवारी परत टेबलावर. ह्या खेपेला कड निर्मळ आली न्हाई तर सगळी छाती जाणार.

मला आधी डॉक्टरचाच संशय आला. मग नर्सबाईचा, तिचं सगळं ध्यान मोबाईलात. मग मालकाचा. हा माणूस दोन दिवस माझ्याकडं सरळ बघंना. दाराआड गाठलं.

"काय लपवायलात?"

"काय न्हाई गं."

"काय न्हाई तर घाम कशाला फुटलाय थंडीत?"

मग त्यांनी बाजेखाली लपवलेली तुझी पिशवी निघाली. दवाखान्यात विसरलेलीस ती. आत मिठाची पुडी. पुडीत दोन काळे दोरे, एक आखूड, एक लांब, रगत वाळलेलं.

खोटं कशाला लिहू? मला वाटलं, सापडली! करणीच ही. गल्ली गोळा करायला उठले. मालक दारात आडवे झाले. "एकदा गोळा केलीस, तेवढी बास," म्हणाले.

पुडी नेऊन डॉक्टरच्या टेबलावर आपटली. ते हसले न्हाईत. "हे मीच बांधले होते बाई. आखूड दोरा म्हंजे वरची बाजू, लांब दोरा बगलेची. मासाच्या गोळ्याला वर कुठलं अन् खाली कुठलं? तपासणाऱ्याला दोऱ्यावरूनच बाजू कळती. कुणी तोडले?"

"घरच्याच माणसानं."

"का पण?"

मी पुडी उचलून पदराला बांधली.

पोळ्याच्या आदल्या दिवसाचं लिहायचं टाळत होते. तू ओटीत घातलेल्या हिरव्या खणाची चोळी शिवली अन् महिन्यात गाठ हाताला लागली. म्हणून ती चोळी मी अंगणात घासलेट टाकून पेटवली. अन् चार बायांपुढं तुला जे म्हणाले ते आता लिहायला हात वळंना. तोंडातून मात्र पटकन निघालं होतं. तू त्याच दिवशी माहेरी गेलीस. तरी ऑपरेशनला आलीस. मी बोलावलं न्हवतं. का आली असंल, ह्याचाबी मला संशयच होता.

आता माझा हिशेब असा हाय. तू रस्त्यात डबा उघडलास. माझ्या मासाला काळे दोरे दिसले. तुला वाटलं, ही शुद्धीवर आली की म्हणंल हे वच्छलीनंच बांधले. म्हणून तोडलेस अन् मिठात बांधून ठेवलेस, जाळायला. बरोबर का? अगं येडे, पण झाकण उघडायचं कामच काय होतं तुझं?

डॉक्टरला शेवटी म्हणाले, "माझ्यामुळं तुटले." त्यांना ते कळलं न्हाई. तुला कळावं.

मंगळवारी सकाळी सातला दवाखान्यात ये. मी सांगून ठेवलंय, डबा माझी जाऊच नेणार. मालकाचा भरवसा न्हाई, ते परत आडवे होतील. नर्सबाईसमोर दोरे मोजून घे, झाकण तिलाच लावू दे, अन् तिकडं पोचेपर्यंत उघडू नको. मी अजूनबी संशयीच हाय, म्हणून हे लिहिते. पण दुसऱ्या कुणाच्या हाती तो डबा देणार न्हाई.

येताना एक खण आण, हिरवाच. चोळी दोन्ही बाजूंनी सारखी बेतायची का न्हाई, ते तू डबा पोचवल्यावर कळंल.

तुझा खण जाळलेली, तरी तुझी जाऊच,
सरजा