पांडवांवर बसले

रविवार, येळवशीनंतरचा

ड्रेसवरचा डाग दोनदा धुतला, गेला नाही. चुन्याचा, आणि नेमका मागे!

आज कडगंचीच्या पलीकडची नवी पायवाट धरली. आधी पळसाची झाडी, मग पडीक रानं. किती मोकळं वाटलं! बांधाजवळ गवतात दगड दिसले, म्हणून पायातली कुसळं काढायला टेकले. तोच शेळ्या राखणारा एक म्हातारबा ओरडला, "अक्का, उठा की! पांडवावर कामून बसलाव?"

बघते तर येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात पाच पांडव म्हणून पुजतात ते दगड. चुना अगदी ताजा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाया पडले. म्हातारबा मात्र हसायला लागला.

"पण रान तर पडीक आहे," मी म्हटलं.

"व्हय. माझ्यानं व्हत न्हाई आता. पर येळवशीला पोरं, सुना, समदी येत्यात, इथंच जेवत्यात. पीक न्हाई म्हणून रान परकं व्हतंय का?"

वर ओंजळभर बोरं दिली.

आणि मी? कोहिनूर गावातलं माझ्या माहेरचं रान अप्पा गेल्यापासून तसंच पडलंय. दोन वर्षं येळवस घराच्या गच्चीवर, कुंडीतले पाच दगड मांडून. दर रविवारी लोकांची रानं तुडवते, तिकडे मात्र पाऊल वळत नाही. अप्पा दिसणार नाहीत म्हणून? असेल.

घरी आल्यावर डागाची गोष्ट ऐकून हे पोट धरून हसले. मीही. मग यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी कुठली वाट?"

तोंडात बोर होतं. बी काढून म्हटलं, "अप्पांच्या रानाची."